चार बोटांवर एक टाय

माझी शेवटची पहाडातली पोस्टिंग एका ब्रिगेड मुख्यालयाच्या वर्कशॉपमध्ये होती. हुद्दा हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, नाव खरात, गाव टेंभुर्णी. ठाण्याचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही. उंची नऊ हजार फूट. वर यायला आणि खाली जायला रस्ता एकच. माझ्या ताब्यात अकरा गाड्या आणि सहा मोटारसायकली. मोटारसायकली डीआर लोकांच्या. डीआर म्हणजे डिस्पॅच रायडर. जे कागद रेडिओवर वाचून दाखवायचे नसतात, ते पिशवीत घालून एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर नेणारा माणूस.

तुम्हा सिव्हिलियन लोकांना फौज म्हटलं की गोळी आठवते. मी चोवीस वर्षं नोकरी केली. माझ्या डोळ्यांसमोर जो माणूस गेला, तो गोळीने गेला नाही. प्लास्टिकच्या टायने गेला, आणि तो टाय मी बांधला होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे वाचून कुणी माझी पाठ थोपटायला येऊ नये.

सकाळी सहाला पीटी, आठला फॉल-इन, साडेआठला हातात पाना. शुक्रवारी मेंटेनन्स परेड. मेंटेनन्सची पण परेड असते हे ऐकून इथले लोक हसतात. हसू द्या. त्या परेडला प्रत्येक ड्रायव्हर आपल्या गाडीसमोर उभा राहतो, तेल, पाणी, हवा, बॅटरी, बोल्ट एकेक बघतो आणि कार्डावर सही करतो. त्याच्या खाली मेकॅनिकची सही. माझी सही असली म्हणजे गाडी ठीक आहे. त्या सहीचा दुसरा काही अर्थ नसतो.

धनाजी सरकटे लान्स नायक होता. दोन नंबरची मोटारसायकल त्याची. गाव मंठ्याच्या पलीकडे सहा किलोमीटर. आपल्या भागातल्या माणसाला फौजेत गराईं म्हणतात. त्या ठाण्यावर जालना जिल्ह्यातले आम्ही दोघंच. लोकांसमोर तो मला उस्ताद म्हणायचा, एकटे असलो की भाऊ. रजेवरून येताना येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाची, पुडी आणायचा आणि लंगरच्या, म्हणजे फौजी मेसच्या, फिक्या डाळीत चिमूट चिमूट टाकून महिनाभर पुरवायचा. माझ्या वाटीत टाकायला पुडी द्यायचा आणि लगेच ओरडायचा, "भाऊ, जरा जपून! तुमी चमचा न्हाई, फावडं घालून राह्यले."

गाडी तो हळू चालवायचा. बाकीचे डीआर त्याला बैलगाडी म्हणायचे. घरी बायको सुमन आणि चार वर्षांची पोरगी प्रतीक्षा. दर रविवारी फोनवर सुमन एकच विचारायची, गाडी हळू चालवता ना? धनाजी फोन ठेवून बाहेर यायचा आणि माझ्यासमोर हात जोडायचा. "पुन्हा तेच. मी हितं वीस-पंचवीसच्या वर जात न्हाई, आन् ती मला हळू चालवा म्हनून राह्यली. तुमीच सांगा तिला एकदा."

सांगतो म्हणालो होतो. सांगितलं नाही.

एके दिवशी हुकूम आला, पुढच्या शुक्रवारी कमांडर साहेबांचं इन्स्पेक्शन. वर्कशॉपचे जेसीओ साहेब, म्हणजे नायब सुभेदार, माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले. "खरात, गाड़ियाँ चमकनी चाहिए."

"चमकेंगी साब."

आठवडाभरात सहाही मोटारसायकलींचं रूटीन मेंटेनन्स केलं. ऑइल बदललं, चेन साफ केली, ब्रेक सेट केले, प्लग घासले. क्लचच्या आणि थ्रॉटलच्या केबल जुन्या झाल्या होत्या, त्या नव्या टाकल्या. थ्रॉटल म्हणजे उजव्या हातातली रेसची मूठ. तिथून एक तार टाकीखालून कार्बोरेटरपर्यंत जाते, मूठ पिळली की तार ओढली जाते आणि इंजिनाला पेट्रोल मिळतं. इथपर्यंत सगळं बराबर केलं होतं.

पुढे मी अक्कल पाजळली. फौजेत ड्रेसिंग नावाचं एक खूळ असतं. रांगेतली माणसं एका रेषेत, बुटांची टोकं एका रेषेत, पलंगावरच्या घड्या एका रेषेत, आग विझवायच्या बादल्यांचे कान एका बाजूला. माझ्या डोक्यात आलं, हँडलवरून खाली जाणाऱ्या केबल आणि वायरी पण एका रेषेत पाहिजेत. लोंबकळतात, बरं दिसत नाही. मी काळे प्लास्टिकचे टाय घेतले आणि हँडलपासून टाकीखालपर्यंत सगळं फ्रेमला आवळून बांधलं. चार बोटांवर एक टाय, पुन्हा चार बोटांवर एक टाय. सहाही गाड्यांना तेवढेच, त्याच जागी. टायची शेपटं एका मापात कापली. काम झाल्यावर लांब उभा राहून बघितलं तेव्हा छाती फुगली माझी. जेसीओ साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "वाह! इसको बोलते हैं टर्नआउट."

केबलला ढील लागते. हँडल वळलं की केबल बरोबर वळते, तिला जागा पाहिजे. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. नव्या पोरांना मीच शिकवायचो. इंजिन चालू ठेवा, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, दोन्हीकडे मूठ पिळून सोडा, टक् करून मागे आली पाहिजे. मी ते केलं नाही. सहा गाड्या हँडल सरळ ठेवून रांगेत लावल्या होत्या. हँडल वळवलं असतं तर ड्रेसिंग बिघडलं असतं, म्हणून नाही वळवलं. दुसरं कारण नाही. एकोणीस वर्षं झाली, पण हे लिहिताना आजही माझं डोकं फिरतं.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता धनाजीने गाडी बाहेर काढली आणि वर्कशॉपसमोरच्या सरळ रस्त्यावर एक फेरी मारून आला. मी टाकीला पॉलिश मारत होतो.

"भाऊ, थ्रॉटल जड चालून राह्यलंय."

मी उठलो. मूठ पिळली. जड होती. सोडली. मागे आली, पण सावकाश. टक् झालं नाही. ते टक् झालं नाही हे माझ्या कानाला कळलं. चौदा वर्षांच्या नोकरीचा कान होता तो.

"नवी केबल हाय," मी म्हणालो. "चालव दोन दिवस. चालून चालून मोकळी होती."

"उद्या इन्स्पेक्शन झालं की डाक घेऊन जायचंय मला."

"मंग बरंच हाय की. जाता येता मोकळी होईल."

धनाजी हसला. "तुमी म्हन्ता तर बराबर असंल." गाडी रांगेत लावली, हँडल सरळ केलं आणि बूट पॉलिश करायला गेला.

उघडून बघायचं तर अकरा टाय कापावे लागले असते. पुन्हा बांधायला तासभर गेला असता. मी कार्ड काढलं, धनाजीच्या सहीखाली माझी सही केली आणि लंगरला जेवायला गेलो. जेवण पण व्यवस्थित गेलं मला त्या दिवशी.

शुक्रवारी दहा वाजता कमांडर साहेब आले. मोटारसायकलींसमोर थांबले. एका टायवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या गाडीच्या त्याच टायवर. "हू हॅज डन धिस?" जेसीओ साहेबांनी माझं नाव सांगितलं. "गुड वर्क." हँडल कुणीही वळवलं नाही. दहा चाळीसला कमांडर साहेब गेले. अकरा दहाला धनाजी डाकेची पिशवी छातीला बांधून निघाला. गेटवर मला हात केला.

वर्कशॉपला लागून कंट्रोल रूम होती, खिडकी उघडी असायची. अकरा बेचाळीसला वायरलेस सेट बोलला.

"कंट्रोल, पोस्ट चार बोल रहा हूँ. डीआर सात नंबर मोड़ से नीचे गया. ओवर."

"पोस्ट चार, हालत बताओ. ओवर."

नुसती खरखर.

"साँस है. डॉक्टर भेजो. जल्दी भेजो. ओवर."

डॉक्टरांच्या गाडीमागे रिकव्हरीचा ट्रक निघाला, त्यात मी चढलो. बारा पंचवीसला पोचलो. सात नंबरचा मोड डावीकडे वळतो, एकदम, काटकोनापेक्षा जास्त; त्याआधीच्या सहा मोडांवर हँडल एवढं वळवावं लागत नाही. उजव्या हाताला दरी. धनाजी चाळीस फूट खाली एका खडकावर होता. पोस्टवरचे दोन जवान त्याच्याजवळ बसले होते. पिशवी छातीवर तशीच होती. डॉक्टर आपलं काम करत होते. मी डोक्याशी गेलो. त्याने मला ओळखलं.

"भाऊ, गाडी ऐकली न्हाई."

एवढंच बोलला. स्ट्रेचर दोरावर घेऊन वर आणताना बारा चाळीसला गेला. मी त्याच्या पायाकडची बाजू धरली होती. डॉक्टरांनी मनगट सोडलं, घड्याळ बघितलं आणि वेळ लिहून घेतली.

नंतर मी पुन्हा खाली उतरलो, मोटारसायकल बघायला. टाकी चेपली होती, पुढचं चाक दुमडलं होतं. गेअर दुसऱ्यात होता. मी हाताने खात्री केली, एकदा नव्हे, तीनदा. दुसऱ्या गेअरमध्ये त्या चढावर गाडी कितीशी पळणार? पंचवीस, फार फार तर तीस. आणि माझे अकराच्या अकरा टाय जागच्या जागी होते, एक पण तुटला नव्हता.

परत आलो तेव्हा ऑफिसात कागद तयार होता. पोस्ट चारच्या संत्रीने, म्हणजे पहारेकऱ्याने, सांगितलं होतं, मोडावर इंजन एकदम जोरात बोललं आणि गाडी सरळ दरीत गेली. इंजन जोरात बोललं म्हणजे काय? म्हणजे स्पीड. लिहून मोकळे. रायडर वेगात होता, ताबा सुटला. पहिला संदेश तोच गेला, घरी पण तोच. ज्या माणसाला अख्खं ठाणं बैलगाडी म्हणायचं, तो मेल्यावर दोन तासांत वेगात होता. लंगरमध्ये एक ड्रायव्हर म्हणाला, "तेज़ चला रहा होगा." मी त्याचं ताट भिरकावलं. दोघांनी मला धरलं नसतं तर मी त्याला पण भिरकावला असता.

तसाच वर्कशॉपमध्ये गेलो. तीन नंबरची मोटारसायकल रांगेतून काढली, स्टँडला लावली आणि चालू केली. इंजिन शांत चाललं होतं. मूठ सोडून दिली. दोन बोटांनी हँडल डावीकडे ढकलत नेलं. अर्ध्यावर गेल्यावर इंजिनाचा आवाज चढायला लागला. टोकाला गेलं तेव्हा गाडी किंचाळत होती आणि मुठीवर कुणाचा हात नव्हता. केबलला ढील नव्हती, हँडलने तिला ओढली होती. सात नंबरच्या मोडावर धनाजीने हँडल डावीकडे वळवलं. त्याने वळवलं, माझ्या टायने रेस दिली. सरळ रस्त्यावर हे कधीच कळलं नसतं. हातातली पक्कड मी भिंतीवर मारली.

आवाज ऐकून जेसीओ साहेब आले. त्यांनी स्वतः एकदा हँडल वळवून बघितलं. गाडी बंद केली.

"कितनी गाड़ियों में ऐसा है?"

"पाँचों में, साब."

"सारी टाई काट. अभी. और मुँह बंद रख. जाने वाला गया, तू क्यों मरता है?"

जेसीओ साहेब वाईट माणूस नव्हते. मला वाचवत होते, आणि स्वतःला पण. माझ्या सहीखाली तिसरी सही त्यांचीच होती ना! मी कटर घेतलं आणि टाय कापले. चार गाड्यांचे कापले. तीन नंबरचे ठेवले. गाडीवर ताडपत्री टाकली, खाली मागचं चाक सोडून ठेवलं आणि कार्डावर लिहिलं, पार्टची वाट बघतोय. फौजेत असं कार्ड लावलेल्या गाडीला कुणी हात लावत नाही. गरज लागली तर वर्षभर तशीच पडून राहते.

तीन दिवसांनी चौकशी बसली. तीन अधिकारी, मधे मेजर साहेब. माझा नंबर दुपारी सव्वादोनला लागला.

"क्या मालूम है तुमको?"

"साब, दिखा सकता हूँ. बाहर चलना पड़ेगा."

ताडपत्री काढली, चाक बसवलं, गाडी चालू केली. मी चार पावलं मागे जाऊन हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. "साब, मूठ को हाथ मत लगाइए. सिर्फ हैंडल बाएँ कीजिए." मेजर साहेबांनी हँडल वळवलं. गाडी किंचाळली. त्यांनी सरळ केलं, पुन्हा वळवलं. तीन वेळा केलं. मग त्यांनीच गाडी बंद केली.

"किसने बाँधा?"

"मैंने, साब."

"रायडर ने शिकायत की थी?"

"की थी, साब. एक दिन पहले, शाम पाँच बजे."

"तुमने क्या किया?"

"कुछ नहीं, साब. बोला, चलते चलते खुल जाएगी."

जेसीओ साहेब बाजूला उभे होते. त्यांनी मान खाली घातली. मेजर साहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि आत गेले. अहवालात कारण लिहिलं गेलं, सदोष मेंटेनन्स, रायडरचा दोष नाही. मला सर्व्हिस रेकॉर्डवर लाल शाईची, म्हणजे शिक्षेची, एंट्री मिळाली. पुढे नायब सुभेदारीचा स्टार आला नाही. नाही आला तेच बरोबर झालं. ज्यांनी माझ्यावर दया दाखवली त्यांचाच मला राग येतो.

तीन महिन्यांनी रजा मिळाली. जालन्याहून एसटीने मंठ्याला गेल्तो. स्टँडवर एका रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं आणि म्हणालो, धनाजी फौजीचं घर.

"ते वारले ते व्हय? गाडी लई जोरात पळवायचे म्हनं. हौस नडली बगा."

मी रिक्षा थांबवायला लावली आणि उतरलो. उरलेलं अंतर चालत गेलो. बसलो असतो तर मारामारी झाली असती. चौकशीचा कागद निघाला होता, तो घरी पण आला होता, इंग्रजीत. कुणी वाचला नाही. पहिला संदेश मात्र सगळ्या तालुक्याला पाठ.

सुमनने पाणी दिलं. ते ज्यांना भाऊ म्हणायचे ते तुम्हीच का, असं विचारलं आणि चहाचं आधण ठेवलं. प्रतीक्षा दारात बसून माझ्या बॅगेची चेन उघडझाप करत होती. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, परेडमध्ये रिपोर्ट देतात तसं. इन्स्पेक्शन, टाय, गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता तो काय म्हणाला, मी काय म्हणालो. गेअर दुसरा होता ते पण.

सुमनने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे ते जोरात न्हवते?"

"न्हाई. दुसऱ्या गेअरमधे व्हता. वीस-पंचवीसनं."

"खरं सांगून राह्यले?"

"मी हातानं बघितलंय, वहिनी."

ती चुलीपुढे बसली. "तीन महिने झाले, मी त्यांना शिव्या देऊन राह्यले. रोज. फोटोपुढं उभी राहून. इतकं सांगितलं तरी ऐकलं न्हाई, लेकराचा इचार केला न्हाई, म्हनून. मेलेल्या मानसाला! अन् ते तर हळूच चालले व्हते." रडली नाही. उठली, चुलीवरचं आधण उतरवलं आणि माझ्या देखत मोरीत ओतलं. "तुमी खरं सांगायला आले, ते बरं केलं. आता जावा. तुमच्या हातात मी चहा देऊ शकत न्हाई."

मी सॅल्यूट करावा की हात जोडावे ते मला कळेना. तसाच निघालो.

त्यानंतर दरवर्षी, धनाजी गेला त्या दिवशी, मी जातो. नोकरीत असताना एखादं वर्ष चुकलं असेल, पेन्शनीवर येऊन जालन्यात राहायला लागल्यापासून एकही नाही. फोटोला हार घालतो. सुमन तांब्या भरून पाणी देते. चहा ठेवत नाही. मी पण थांबत नाही. गावातल्या कुणी पुन्हा जोरात चालवण्याचा विषय काढला की मी तिथेच त्याला उभा आडवा घेतो. म्हणून तिकडे मला भांडखोर फौजी म्हणतात. म्हणू द्या. प्रतीक्षा मोठी होत गेली तशी मला काका म्हणायला लागली. तिला आईने सगळं सांगितलेलं आहे.

प्रतीक्षा आता कृषी सहायक आहे. मंठा तालुक्यातली आठ गावं तिच्याकडे, रस्ते सगळे खड्ड्यांचे, म्हणून मोटारसायकल घेतली. गेल्या सोमवारी ती मीटिंगला जालन्याला आल्ती. सकाळी जुन्या जालन्यातल्या एका गॅरेजवर गाडी सर्व्हिसिंगला टाकली, दुपारी उचलली. चार वाजता माझ्या दारात उभी.

"काका, रेस जड लागून राह्यली. सकाळी न्हवती. मी आईला फोन केल्ता. आई म्हनली, गाडी तशीच मंठ्याला आनू नको. आधी काकाकडं जाय आन् हँडल फिरवून घे."

"सुमन म्हणली?"

"हो. म्हनली, त्यायलाच दाखव."

एकोणीस वर्षांत सुमनने मला कधी एका कामाचं सांगितलं नव्हतं. मी घरात जाऊन पाने घेतले.

मूठ पिळली, सोडली. सावकाश मागे आली. मुठीचं रबर आत सरकून टोकाला घासत असेल म्हणून ते सैल करून बघितलं. तिथे काही नव्हतं. केबलचं खालचं टोक सोडवलं आणि ते इंजिनाकडच्या ज्या पट्टीला ओढतं ती पट्टी बोटाने हलवली, ती मोकळी होती, टकाटक मागे येत होती. म्हणजे दोष मधे, केबलच्या वाटेत. सीट काढली, टाकीचा बोल्ट काढला, टाकी उचलली. केबल टाकी आणि फ्रेमच्या मधे चेपून बसली होती. एअर फिल्टर साफ करताना टाकी काढली असणार, बसवताना घाईत केबलवरच बसवली. खालचं टोक पुन्हा जोडलं, टाकी होती तशी ठेवली, इंजिन चालू केलं आणि हँडल डावीकडे ढकललं. आवाज चढला.

मी काही दुरुस्त केलं नाही. गाडी तशीच हाताने ढकलत गॅरेजपर्यंत नेली. भर बाजार, ऑटो, पोत्यांचे हातगाडे, कुणी हॉर्न वाजवले की मी उलटून बघत होतो. प्रतीक्षा मागून येत होती. गॅरेजवाला चाळिशीचा गडी, नाव विलास, स्टुलावर बसून पान लावत होता.

"रेस जड का हाय?" मी विचारलं.

"काका, केबलला आत्ताच ऑइल सोडलंय. बसायला येळ लागतो. चालून चालून मोकळी होती."

माझंच वाक्य, जसंच्या तसं! मी त्याच्या शर्टाला हात घातला आणि स्टुलावरून उठवला. "पुन्हा म्हण! काय म्हणला? पुन्हा म्हण!" आजूबाजूचे दुकानदार धावले. कुणीतरी म्हणालं, ओ फौजी, म्हातारपणी काय हे. मला काही ऐकू येत नव्हतं. तोंडाला येईल ते बोललो. त्यातली अर्धी शिवी विलासला होती. उरलेली कुणाला होती ते मला ठाऊक आहे.

"काका," प्रतीक्षा म्हणाली. माझ्या मनगटावर हात ठेवला. "सोडा त्यायला. वळवून दाखवा."

मी शर्ट सोडला. गाडी स्टँडला लावली, चालू केली. "मुठीला हात लावू नको," विलासला म्हणालो. "फक्त हँडल डावीकडं घे." त्याने घेतलं. गाडी किंचाळली. त्याने झटक्यात सरळ केलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हळूच वळवलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "सकाळपासून पाच गाड्या काढल्यात मी."

"मंग फोन लाव त्या पाचही जणांना. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने लावले. चौघं येतो म्हणाले, एकाने फोन उचलला नाही, त्याच्या दुकानाकडे विलास स्वतः पळत गेला. तोवर मी टाकी उचलली, केबल तिच्या वाटेने घेतली, ढील दिली, टाकी बसवली. एकही टाय लावला नाही. इंजिन चालू. हँडल डावीकडे, पिळून सोडली, टक्. उजवीकडे, टक्. पाच वेळा डावीकडे, पाच वेळा उजवीकडे.

प्रतीक्षाने आईला फोन लावला आणि माझ्या कानाला दिला.

"फिरवलं का?" सुमनचा आवाज.

"फिरवलं."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं. पाच पाच वेळा. टाकीखाली केबल दबली व्हती, ती काढली."

"मंग धाडा तिला," ती म्हणाली.

साडेपाचला प्रतीक्षा निघाली. मला हात केला, तिच्या बापासारखाच, कोपरातून. मी रस्त्यातच उभा राहिलो, लोक बाजूने जात राहिले. सात दहाला फोनवर तिचा मेसेज आला, पोचले. त्यानंतर मी घरी जाऊन जेवलो.

हे सगळं लिहिलं ते ज्यांनी ज्यांनी तेव्हा हौस नडली म्हटलं होतं त्यांच्यासाठी. लान्स नायक धनाजी सरकटे, वय एकतीस, राहणार मंठा तालुका. सात नंबरचा मोड, बारा चाळीस. गाडीचा गेअर दुसरा होता. तो जोरात नव्हता.